परक्या मनावरचा अंमल

१८९४ साली जॉर्ज द्यु मॉरिए या इंग्रज चित्रकार-लेखकाची एक कादंबरी प्रथम मासिकातून क्रमशः आणि त्याच वर्षी ग्रंथरूपाने बाहेर पडली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर नाव होते ते नायिकेचे, म्हणजे ट्रिल्बीचे. आणि १९३१ साली हॉलिवूडने त्याच कथानकावर बोलपट काढला, तेव्हा पडद्यावर नाव झळकले ते तिच्यावर मोहिनी घालणाऱ्या स्वेंगालीचे. पॅरिसमध्ये चित्रकारांपुढे बसून उपजीविका करणारी, स्वरज्ञान मुळीच नसलेली ही मुलगी स्वेंगालीच्या दृष्टीखाली गेली की युरोपला वेड लावणारी गायिका होते आणि तो मेला त्या क्षणी तिचा गळा पुन्हा पहिल्यासारखा बेसूर होतो, एवढीच मूळ कथा. तिच्यात स्वेंगालीला मिळालेली पृष्ठे ट्रिल्बीच्या चित्रकार मित्रांना मिळालेल्या पृष्ठांच्या मानाने थोडीच. परंतु त्या सालस मित्रांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, आणि जो दुष्ट म्हणून रंगवला होता तो मात्र कथेची सारी मिळकत आपल्या नावे करून बसला आहे.

प्रस्तुत संग्रहातील कथा या स्वेंगालीच्या वंशजांच्या आहेत. दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेण्याची विद्या, यंत्र, मंत्र किंवा जन्मजात शक्ती ज्याच्यापाशी आहे आणि ती वापरताना ज्याला फारसा विधिनिषेध नाही असा पुरुष, क्वचित स्त्री, या कथांच्या मध्यभागी आहे; तो खलनायक आहे एवढेच नव्हे, तर तोच नायक आहे, आणि पुष्कळदा कथा सांगणाराही तोच आहे. अशी कथा वाचताना वाचकाला स्वतःविषयीच एक संशय येऊ लागतो. अपराधी कोण हे त्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते, ज्यांची मने लुटली जात आहेत त्यांच्याविषयी त्याला दयाही वाटत असते, आणि तरीही त्या लुटारूचे कारस्थान उघडकीस येण्याची वेळ आली की वाचकाच्याच छातीत धडधड सुरू होते, ती लुटारू सापडेल या आशेने नव्हे, सापडेल या भीतीने.

याचे सोपे स्पष्टीकरण असे देतात की दिवसभर दुसऱ्याचे हुकूम झेलणाऱ्या माणसाला रात्री पुस्तकात का होईना हुकूम सोडण्याचे सुख हवे असते. हे खोटे नाही. कचेरीत ज्याच्या अर्जावर शेरासुद्धा पडत नाही त्याला एका नजरेने साऱ्या कचेरीला माना डोलवायला लावणारा नायक आवडावा यात नवल नाही. परंतु या स्पष्टीकरणाने पुस्तक का उघडले जाते एवढेच कळते. ते मिटेपर्यंत वाचक का बसून राहतो, आणि या प्रकारातील ज्या कथा टिकल्या त्या जवळजवळ साऱ्या या सर्वसत्ताधीशाच्या हारीच्याच कथा का आहेत, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. हुकूम सोडण्याचे सुख हेच सर्वस्व असते तर अपयशी स्वेंगालीऐवजी यशस्वी स्वेंगाली लोकप्रिय झाला असता.

या कथाप्रकाराचे मूळ शोधू गेले तर ते एखाद्या कादंबरीत सापडत नाही, एका सरकारी दफ्तरात सापडते. फ्रान्झ मेस्मर हा वैद्य व्हिएन्नाहून पॅरिसला आला आणि सर्व प्राणिमात्रांतून वाहणारा एक अदृश्य चुंबकीय प्रवाह आपण वळवू शकतो असे सांगून त्याने तेथील उच्चभ्रू समाजाला, विशेषतः स्त्रीवर्गाला, आपल्या उपचारांकडे खेचून घेतले. तेव्हा सोळाव्या लुईने १७८४ साली या मामल्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए, ज्योतिर्विद बायी आणि ज्याच्या नावाने पुढे शिरच्छेदाचे यंत्र ओळखले जाऊ लागले तो डॉक्टर गियोतँ, अशी नामांकित मंडळी त्यात होती. त्यांनी पद्धतशीर प्रयोग केले आणि जाहीर अहवालात निर्णय दिला की असा कोणताही प्रवाह अस्तित्वात नाही, रुग्णांना जे होते ते कल्पनाशक्तीमुळे होते. शास्त्राच्या इतिहासात या अहवालाला मोठे मानाचे स्थान आहे. परंतु याच आयोगाचा दुसरा एक अहवाल होता, बायीने लिहिलेला, केवळ राजाच्या नजरेसाठी, गुप्त; आणि त्यात अशा उपचारांच्या वेळी स्त्रीरुग्ण व पुरुष-वैद्य यांच्यामध्ये जे घडू शकते त्यामुळे नीतिमत्तेला असलेला धोका वर्णिला होता. एकाच आयोगाने एका हाताने लिहावे की या विद्येत काही तथ्य नाही, आणि दुसऱ्या हाताने लिहावे की ती फार भयंकर आहे! पुढच्या सव्वादोनशे वर्षांतील मोहिनीविद्येच्या कादंबऱ्या या दुसऱ्या, मोहोरबंद अहवालाच्या वारसदार आहेत असे मला वाटते. हॉफमनने १८१४ साली आपली चुंबकवैद्याची कथा प्रसिद्ध केली, तेव्हा त्या अहवालाला तीसच वर्षे झाली होती.

याच विद्येने माणसांचे भलेही केले आहे. १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे कंपनी सरकारच्या नोकरीतील जेम्स एस्डेल या शस्त्रवैद्याने रुग्णांना मेस्मरच्या पद्धतीने गुंगीत नेऊन त्यांच्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया केल्या, आणि दुसऱ्या वर्षी कलकत्त्यास त्याला प्रयोगासाठी एक छोटे इस्पितळही मिळाले. लवकरच क्लोरोफॉर्म आले आणि त्याचे काम मागे पडले. स्वेंगालीला जी कीर्ती मिळाली तिच्या शतांशही या परोपकारी मोहिनीकाराच्या वाट्याला आली नाही, यावरून कादंबरीवाचकांना या विद्येत नेमके काय हवे होते ते स्पष्ट होते.

एकदा हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयापुढेही आला. पॅरिसमध्ये १८८९ साली गूफे नावाच्या न्यायालयीन अधिकाऱ्याचा खून झाला. आरोपी मिशेल एरो आणि त्याची तरुण सोबतीण गाब्रिएल बोंपार. १८९० च्या डिसेंबरात खटला चालला, त्यात बोंपारच्या बाजूने कैफियत मांडली गेली ती अशी की ती एरोच्या संमोहनाखाली होती, सबब कृत्य तिच्या हातून घडले तरी ते तिचे नव्हे. नान्सी येथील संप्रदायाचे मत होते की संमोहनाखाली माणसाकडून गुन्हा करवून घेता येतो. पॅरिसच्या शार्को-पंथीयांना ते मान्य नव्हते. ज्यूरीने कैफियत फेटाळली, एरोचा शिरच्छेद झाला आणि बोंपारला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथेच निकालात निघाले, पण कादंबरीकारांसाठी एक दावा कायमचा खुला झाला: ज्या कृत्यात हात एकाचा आणि इच्छा दुसऱ्याची, त्या कृत्याचा धनी कोण? याच प्रश्नाला जर्मनीत महायुद्धानंतर राजकीय धार आली. १९२० सालच्या चित्रपटातील डॉक्टर कालिगारी निद्रिस्त माणसाकडून खून करवतो, १९२२ सालचा फ्रिट्झ लांगचा डॉक्टर माबुझे जुगाराच्या टेबलापासून शेअरबाजारापर्यंत सर्वत्र परक्या इच्छांचा व्यापार करतो; आणि माबुझेवरील लांगचा पुढचा चित्रपट १९३३ साली नव्या नाझी सरकारने प्रदर्शित होऊ दिला नाही, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

परंतु या काळातील ज्या एका कथेपाशी थांबलेच पाहिजे ती टोमास मानची, १९३० साली प्रसिद्ध झालेली 'मारिओ आणि जादूगार'. इटलीतील एका समुद्रकाठच्या गावी सुट्टीसाठी आलेले एक जर्मन कुटुंब चिपोला नावाच्या कुबड्या जादूगाराच्या खेळाला जाते. हा जादूगार कसला, उद्धट, कडवट, हातात चाबूक घेतलेला संमोहनकार आहे. तो प्रेक्षकांचा एकामागून एक पाणउतारा करतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्यात एक रोमचा गृहस्थ आहे. तो निश्चयाने सांगतो की मी नाचणार नाही, आणि बराच वेळ तो टिकाव धरतो, पण अखेरीस त्याचेही हातपाय हलू लागतात. मानने याचे जे कारण सुचवले आहे तितके मार्मिक विवेचन मला या विषयावरील शास्त्रीय ग्रंथांतही आढळले नाही: केवळ नकार हा माणसाच्या इच्छेला पुरेसा आहार नाही, ज्याला स्वतःला काही हवे नाही, फक्त एक गोष्ट नको आहे, त्याची इच्छा उपासमारीने ढासळते आणि दुसऱ्याची इच्छा तिच्या रिकाम्या घरात येऊन बसते. त्याहून विलक्षण आहे तो कथा सांगणारा. तो सुजाण आहे, त्याला सारा प्रकार किळसवाणा वाटतो, मुले पेंगुळली आहेत, रात्र वाढते आहे. आणि तो पुनःपुन्हा स्वतःलाच विचारतो की आपण उठून का गेलो नाही? त्याला नीट उत्तर देता येत नाही. चिपोला ज्यांना मंचावर बोलावतो त्यांच्यावर त्याची मोहिनी चालते हे आपण पाहतच असतो. खुर्चीत बसून तिरस्काराने पाहणाऱ्यावरही ती चालली आहे हे मानने आपल्या लक्षात आणून दिले. आपण ज्या वाचकाविषयी बोलत आहोत तो हाच, खुर्चीतला.

हे खुर्चीतल्या माणसाचे कोडे आपल्या साहित्यशास्त्राला अपरिचित नव्हते. दशरूपककार धनंजयाने नायकांचे प्रकार सांगताना धीरोद्धत म्हणून जो प्रकार सांगितला आहे तो दर्पाने भरलेला आणि मायाकपटात रमणारा आहे, आणि प्रतिनायकालाही त्याने तेच विशेषण लावले आहे. म्हणजे नायक आणि खल यांच्या हद्दी एका ठिकाणी मिळतात याची नोंद शास्त्रकारांनी हजार वर्षांपूर्वी करून ठेवली होती. परंतु खरी किल्ली आहे ती अभिनवगुप्ताच्या 'लोचना'त, रसाभासाच्या चर्चेत. सीतेच्या नुसत्या नावानेही विद्ध झालेल्या रावणाचा एक श्लोक तो उदाहरणादाखल घेतो, आणि त्या श्लोकात मौज अशी की दुरून खेचून घेणाऱ्या मोहमंत्राची उपमा दिली आहे ती सीतेच्या नावाला. मायावी राक्षसराजावरच मंत्र चालला आहे! आता ही रती एकतर्फी आहे, सीतेला तिचा विटाळही नको आहे, म्हणून तो शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास आहे, असे शास्त्र सांगते. पण मग सहृदयाला त्यात गोडी का वाटते? अभिनवगुप्ताचे उत्तर असे, की तन्मय झालेला असताना सहृदय रतीचाच आस्वाद घेतो. पौर्वापर्याचा विवेक नंतर जागा होतो, आणि तेव्हा त्या रतीचे मिथ्यात्व, किंबहुना हास्यास्पदत्व, ध्यानी येते. वाचकाला त्याने ढोंगी ठरवले नाही आणि दुष्टही ठरवले नाही. आस्वाद आणि विवेक यांच्यामध्ये एक अवकाश असतो एवढेच त्याने सांगितले. आणि माझे मत असे, की ज्या कथाप्रकाराची ही प्रस्तावना आहे तो सारा या अवकाशात वसलेला आहे.

वाल्मीकीचा रावण या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा. तो सीतेला बळाने पळवून आणतो, पण आणल्यावर तिला बारा महिन्यांची मुदत देतो, आणि हनुमंत लंकेत पोचतो तेव्हा त्यातले दोन महिने उरलेले असतात. उत्तरकांडात नलकूबराचा शाप सांगून या संयमाचा उलगडा केला आहे; तो मान्य केला तरी मुदतीच्या काळातील रावणाची विनवणी, त्याची आर्जवे, त्याचे आत्मप्रशंसेचे प्रवाह केवळ शापभयाने उद्भवलेले वाटत नाहीत. त्याला होकार हवा आहे. युद्धकांडात तो विद्युज्जिह्वाकडून रामाचे मायावी मस्तक करवून सीतेपुढे ठेवतो, तेही तिचे शरीर जिंकण्यासाठी नव्हे, तिची आशा मारण्यासाठी. आमचे कीर्तनकार तर याच्यापुढे जाऊन सांगत, की रावणाला कोणी सुचवले, तू मायावी आहेस, रामाचेच रूप घेऊन जा ना. तेव्हा तो म्हणाला, ते रूप धारण केले की परस्त्री मातेसमान दिसू लागते. ही कथा रामायणात नाही. पण ती ज्याने रचली त्याला हा विषय समजला होता.

वशीकरणाची व्यथा ही अशी आहे. ज्याच्यापाशी हुकुमाची सनद आहे त्याला जगातील सर्व काही मिळू शकते, फक्त हुकुमाशिवाय दिलेली गोष्ट मिळू शकत नाही; आणि त्याला हवी असते नेमकी ती. १९३१ च्या बोलपटात स्वेंगाली ट्रिल्बीच्या तोंडून प्रेमाचे शब्द काढून घेतो आणि लगेच विषण्ण होतो, कारण त्या शब्दांत त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. आयझॅक आसिमॉव्हने १९४५ साली लिहिलेल्या 'म्यूल'च्या कथेत हीच गाठ कथानकाच्या मर्मस्थानी बसवली आहे. हा कुरूप, एकाकी विकृतजन्मा लोकांच्या भावना हव्या तशा वळवून आकाशगंगेतील राज्ये घशात घालत जातो. तो विदूषकाच्या वेषात हिंडत असताना बेटा नावाच्या एका स्त्रीला त्याची आपणहून माया वाटते, आणि आयुष्यात प्रथमच अशी भेट मिळाल्यामुळे तो तिच्या मनाला हात लावत नाही. ते एकच मन मोकळे राहिल्यामुळे तिला त्याचे खरे स्वरूप ओळखता येते आणि नेमक्या क्षणी ती त्याचा डाव उधळते. जगज्जेत्याचा पराभव कोणा वीराच्या हातून झाला नाही, त्याने आपल्याच हाताने दिलेल्या मोकळिकीतून झाला. आसिमॉव्हची गद्यशैली सपाट आहे, पात्रे पुष्कळदा पुठ्ठ्याची आहेत. तरीही या एका गाठीसाठी मी त्याचे सारे दोष माफ करायला तयार आहे. पुढे एका कथेत त्याने याच म्यूलला मध्यवर्ती पात्र केले, यातही स्वेंगालीच्याच बढतीची पुनरावृत्ती दिसते.

२०१५ साली आलेल्या 'जेसिका जोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेतील किलग्रेव्ह नुसत्या बोलण्याने माणसांना राबवतो; परंतु समोरचा जे करतो आहे ते त्याच्या मनाने की आपल्या सांगण्याने, हे कळण्याची सोयच त्याला उरलेली नाही, अशी तक्रार तो करतो. तक्रार खरी आहे, आणि म्हणूनच धोक्याची आहे. क्षणभर आपण तिला माना डोलवतो आणि मग आठवते की ही तक्रार करणारा ज्या स्त्रीपुढे उभा आहे तिच्या आयुष्याची त्याने राख केली आहे. जपानी चित्रमालिका 'कोड गिआस' (२००६) मधील लेलूश हा राजपुत्र याहून तरुण आणि याहून सहानुभूतीला पात्र. त्याला मिळालेल्या शक्तीला कायद्याच्या कलमांसारख्या अटी आहेत: नजरेला नजर मिळाली पाहिजे, एका माणसावर एकदाच चालेल. या अटींमुळे कथेला बुद्धिबळाची गंमत येते आणि वाचक, किंवा येथे प्रेक्षक, आपण केवळ डावाचे कौतुक करतो आहोत अशी स्वतःची समजूत घालून नायकाच्या पक्षात निर्धास्त जाऊन बसतो. मग एके दिवशी ती शक्ती ताब्याबाहेर जाते, नेमके त्याच वेळी लेलूश आपल्या सावत्र बहिणीशी बोलताना थट्टेने एक भयंकर वाक्य उच्चारतो, आणि ते फर्मान ठरून निरपराध माणसांची कत्तल होते. अभिनवगुप्ताचा तो अवकाश येथे एका वाक्यात मिटतो. डावाचे कौतुक करणारा आपण त्या कत्तलीचा कितवा साक्षीदार, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा.

हे सारे उत्तम कृतींविषयी झाले. या प्रकारात निकृष्ट माल पुष्कळ आहे हे लपवण्यात अर्थ नाही. त्यातला बराच उघड कामुक आहे, आणि कामुक असण्याबद्दल माझी फिर्याद नसून तो कंटाळवाणा असण्याबद्दल आहे. त्यात नायकाने इच्छा करायची आणि समोरच्या पात्राने होय म्हणायचे, हे एवढेच पानोपान चालते. जिचे मन हरण करायचे तिला आधी मन असावे लागते, ही साधी अट हे लेखक पाळत नाहीत. रिकाम्या घरावर दरोडा घालण्यात पराक्रम तो कसला आणि भय तरी कसले? मोठ्या कृतींतही कलंक आहेत. द्यु मॉरिएने स्वेंगालीला ज्यू केले आणि त्या काळच्या ज्यूद्वेषाची सारी ओंगळ सामग्री त्याच्या अंगावर चढवली. पुढे युरोपात त्या द्वेषाचे जे झाले ते माहीत असणाऱ्याला ती पाने निर्लेप मनाने वाचता येत नाहीत, आणि वाचता येऊही नयेत. मन ताब्यात घेणारा परका असतो, आपल्यातला नसतो, ही समजूत स्वतःच एक मोहिनी आहे.

मराठीपुरते बोलायचे तर खलपुरुषाच्या मोहाचे वावडे आपल्याला कधीच नव्हते. देवलांनी शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' 'झुंझारराव' म्हणून मराठी रंगभूमीवर आणला, तेव्हा मंत्रतंत्राशिवाय केवळ जिभेच्या जोरावर दुसऱ्याचे मन फिरवणारा कारस्थानी मराठी प्रेक्षकांनी पाहिला. १९६२ सालच्या अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधील लखोबा लोखंडे तर नावे आणि वेष बदलत स्त्रियांना फसवत जातो आणि न्यायालयात उभा राहून सारे नाकारतो. प्रभाकर पणशीकरांच्या त्या लखोबावर प्रेक्षकांनी जे प्रेम केले ते फिर्यादी पक्षाच्या वाट्याला आले असे म्हणता येणार नाही. परंतु अद्भुतात पाऊल टाकले की आपण सावध होतो. नारायण धारपांच्या भयकथांत मनावर घाला घालणाऱ्या अमंगल शक्तींना तोटा नाही, पण त्यांच्याविरुद्ध समर्थांसारखा रक्षणकर्ता उभा असतो आणि वाचकाची खुर्ची त्या रक्षणकर्त्याच्या बाजूला मांडलेली असते. याने कथांची भीती कमी होत नाही, मात्र वाचकाचा स्वतःविषयीचा संशय जागा होत नाही.

आणि अशा कथेची सामग्री तर दाराशी पडलेली आहे. षट्कर्मांत वशीकरणाला स्थान देणारी तांत्रिक परंपरा आपली, अंगारे-धुपारे आपले, आणि ज्याच्या पुढे शिकलीसवरलेली माणसे आपली अक्कल पायताणांबरोबर बाहेर काढून ठेवतात तो बुवाही आपला. अत्र्यांनी 'बुवा तेथे बाया'मध्ये त्याला हशात उडवला, सुधारकांनी त्याच्यावर लेख लिहिले, २०१३ साली महाराष्ट्राने त्याच्याविरुद्ध कायदाही केला. पण या साऱ्यांत त्याच्याविषयी लिहिले गेले आहे ते समोरून, भक्तांच्या किंवा पोलिसांच्या बाजूने. पाटावर बसलेल्या त्या माणसाला समोरचा प्रत्येक चेहरा कसा दिसतो, पहिला माणूस पाया पडला तेव्हा त्याला हसू आले होते की भीती वाटली होती, आणि आपल्यावर खरोखर विश्वास ठेवणारे एखादे माणूस गर्दीत आहे की काय हे तो कसे हुडकतो, याची त्याच्याच तोंडची जबानी मराठीत कोणी मन लावून नोंदवलेली माझ्या वाचनात नाही. या संग्रहातील परदेशी कथा वाचून एखाद्या तरुण लेखकाने ती लिहावयास घेतली, तर त्याने बुवाला विद्वान करू नये, विनोदी तर मुळीच करू नये. त्याला एखादी बेटा भेटू द्यावी आणि मग काय होते ते पाहावे.